वापसा येईपर्यंत

आधी ती गाडी कशी होती ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे तशी सहसा दिसत नाही. पाण्याचा थेंब आडवा करून चाकांवर ठेवावा, तसा तिचा आकार. पुढून गोल, मागे निमुळती. उंची माणसाच्या छातीएवढी. आत उभं राहता येत नाही, फक्त झोपता येतं. मागचं झाकण वर उचललं की छोटासा ओटा, त्यावर शेगडी आणि एक नळ. तिला स्वतःचं इंजिन नाही. जीपच्या मागे जोडायची आणि रस्ता संपला तरी पुढे न्यायची. चाकं त्यासाठीच मोठी आणि रुंद.

किशोरने ती अमरावतीला घराच्या अंगणात, सुटीच्या दिवशी थोडी थोडी करत बांधली. तो नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीत फिटर. शेजारी येताजाता विचारत, "किशोरभाऊ, हे वांगं कधी पिकते?" त्याची बायको वर्षाली आतून ओरडायची, "पिकलं तरी तुमाले नाई भेटणार!"

नळ तिच्याच हट्टाचा. किशोर म्हणत होता, पाण्याची कॅन नेऊ. ती म्हणाली, "अन् कॅन वाकडी धरून भांडे कोण घासन, तू?" मग त्याने ओट्याखाली टाकी बसवली आणि छोटा पंप लावला. बटण दाबलं की घर्र आवाज होई आणि नळाला पाणी येई.

गाडी तयार झाली आणि पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन वर्षाली गेली. गाडी एकदाही कुठे गेली नाही.

त्यानंतर किशोर प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणू लागला. जेवतोस का? बरं. दुसऱ्याची रात्रपाळी करशील का? बरं. तो रडला नाही, चिडला नाही. कामावर जाई, परत येई, नऊ वर्षांच्या लेकीची, आचलची वेणी घालून देई. वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची. आचल ते सांगत नसे. अकोल्याचा रोहित लोकांना रानात मुक्कामाला नेण्याचा धंदा करतो. त्याने गाडी विकत मागितली, तेव्हाही किशोर 'बरं'च म्हणाला.

गाडी जाऊ नये, असं आचलला वाटत होतं. पण पप्पांशी भांडण करण्यात अर्थ नव्हता. ते भांडतच नसत. तिने एवढंच मागितलं, "द्यायच्या आधी एक रात्र तिच्यात झोपू. आबाजीच्या वावरात."

"बरं," किशोर म्हणाला.

आबाजी म्हणजे किशोरचे वडील, नत्थुजी. त्यांचं शेत दर्यापूरजवळ, म्हणजे अकोल्याच्या वाटेवरच. फेब्रुवारीचे दिवस होते. हरभरा निघाला होता, वावर रिकामं होतं. किशोरने पांदणीच्या कच्च्या वाटेने जीप आत घातली आणि वावराच्या मधोमध निंबाखाली गाडी उभी केली. नत्थुजी भाकरी-ठेचा घेऊन आले होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"खुराडं हाय हे, बापा. पाय तरी लांब होते का आत?"

"होते ना आबाजी! या, झोपून पाहा."

"मले नको, बाई. मी कोंबडा नाई."

आचल हसली. किशोरने शेगडी पेटवली, चहा केला, कप धुतले, सगळं जागच्या जागी ठेवलं. हे सगळं तो गिरणीतलं यंत्र पुसावं तसं करत होता. झोपताना आचल मधे आडवी झाली. तिच्या उजव्या हाताला जागा उरली.

"ही आईची जागा," ती म्हणाली.

"बरं," किशोर म्हणाला आणि त्याने दिवा मालवला.

पहाटे अवकाळी पाऊस आला. फार नाही. पत्र्यावर थोडा वेळ वाजला आणि थांबला. उजाडल्यावर किशोरने जीप जोडली, कारण रोहित अकोल्यात वाट पाहत होता. जीप कशीबशी पुढे सरकली. मागची गाडी दोन हात आली आणि तिची चाकं फिरायचीच थांबली. वरच्या मडगार्डात आणि चाकात काळा चिखल असा गच्च बसला होता, की चाक नांगरासारखं जमीन ओढत निघालं. किशोरने ही गाडी इंटरनेटवर पाहून बांधली होती. तिथे ती वाळूत चालत होती, दगडांवर चढत होती. काळ्या मातीत ती कोणी घातली नव्हती.

"थांबव, थांबव!" नत्थुजी वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडले. "वखर चालून राहिलं का तुह्यं? शेतकऱ्याचं पोरगं तू, अन् वापसा आल्याबिगर वावरात चाक हालवतं?"

किशोरने जीप बंद केली. 

"वापसा म्हणजे काय, आबाजी?" आचलने विचारलं.

नत्थुजी खाली बसले. त्यांनी मूठभर माती घेतली, दाबून तिचा लाडू केला आणि उभं राहून हातातून सोडला. लाडू धप्पकन पडला आणि तसाच राहिला.

"फुटला?"

"नाई."

"मंग वापसा नाई. जमिनीनं पाणी पिलं पाहिजे. वरून सुकलं दिसते, पण त्याच्यावर जायचं नाई. असाच लाडू सोडायचा. पडला अन् भुगा झाला, म्हणजे वापसा आला. मंग चाक घाल, वखर घाल, काई घाल."

"अन् घाई केली तं?"

"पाह्यलं ना आत्ता?" त्यांनी किशोरकडे हनुवटी केली. "असं होते."

मग लाडू करून पाहायचं काम आचलकडेच आलं. किशोरने गिरणीत फोन करून सुटी वाढवली आणि तो गाडीत जाऊन आडवा झाला. दार उघडं होतं. बाहेर ऊन पडलं होतं. रोहितचा फोन आला.

"किशोरभाऊ, काय झालं?"

"पाणी आलं. वापसा नाई."

"बरं, आला की सांगा. मीच येतो न्यायले."

दुपारी आचल दारात आली. हातात लाडू होता. तिने तो सोडला, तो अखंड राहिला.

"नाई आला, पप्पा."

"बरं."

संध्याकाळीही तसंच. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं. निंबाखालची माती फिकी पडली, बारीक भेगा दिसू लागल्या. आचलचा लाडू मात्र काळाभोर आणि चकाकता येत होता. नत्थुजींनी तो हातात घेऊन पाहिला, आचलकडे पाहिलं, आणि परत तिच्या हातावर ठेवला.

"साठ वर्षं वावर करून राहिलो," ते निंबाखाली टाकलेल्या बाजेवर बसत म्हणाले. "भेगा पडल्या अन् हातात चिखल, असं वावर पहिल्यांदा पाह्यलं."

आचलने ऐकलं नाही असं दाखवलं.

किशोर आत पडून होता. त्याचं डोकं ज्या फळीला टेकलं होतं, तिच्या पलीकडेच मागचा ओटा होता. प्रत्येक वेळी लाडू यायच्या आधी फळीत घर्र आवाज व्हायचा. थोडा वेळ चालायचा आणि थांबायचा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, पोरगी हात धुते आहे. दुसऱ्या दिवशी त्याला काय चाललंय ते कळलं. कळूनही तो उठला नाही. तो पंप त्याने स्वतः लावला होता, पण चालताना कधी असा पडून ऐकला नव्हता. आवाज पुन्हा कधी येतो याची तो वाट पाहत राहिला. किती दिवसांनी तो कशाची तरी वाट पाहत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंप वेगळा वाजला. नुसता कोरडा, चढ्या आवाजात. बंद झाला. पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला. टाकी संपली होती.

बऱ्याच वेळाने आचल दारात आली. तिने माती फार जोराने दाबली असावी, बोटं पांढरी झाली होती. तिने हात पुढे केला, पण लाडू सोडला नाही.

"सोड," किशोर म्हणाला.

तिने सोडला. भुगा झाला. वाऱ्याने थोडा तिच्या पायावर उडाला. ती खाली पाहत उभी राहिली.

फोन वाजला. रोहितच होता.

"किशोरभाऊ, आता तं आला असन ना वापसा? आमच्याकडे ट्रॅक्टर फिरून राहिले."

किशोर उठून दारात बसला. पायाजवळच्या भुग्याकडे त्याने पाहिलं.

"नाई आला," तो म्हणाला.

"असं कसं? एवढ्या उन्हात? मंग उद्या येऊ?"

"नाई."

"परवा?"

"नको येऊ, रोहित. गाडी देत नाई मी."

पलीकडे रोहित काहीतरी बोलत होता. किशोरने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बाजेवर नत्थुजींनी कूस बदलली. आचल अजून जागची हलली नव्हती.

किशोर मागे गेला, झाकण वर केलं. नळाभोवती, ओट्यावर, बटणावर, सगळीकडे काळ्या बोटांचे ठसे होते. त्याने फडकं घेतलं, मग ते ठेवून दिलं. खालची कॅन काढली.

"चाल," तो आचलला म्हणाला. "विहिरीवरून पाणी आणू. टाकी रिकामी झाली."