हबक्कूक सापडेपर्यंत

मी गोधडी बोलतेय. आवाज जरा दबका वाटेल, कारण मला बोलायची सवय नाही. माझं काम आवाज गिळायचं. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात आमचं मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं, चर्च आहे; त्याच्या तळघरात कोट टांगायची एक खोली आहे. पॉडकास्टसाठी बायबलचा पाठ रेकॉर्ड होताना आवाज घुमू नये म्हणून तिथल्या भिंतीवर मला खिळे ठोकून लटकवलंय. जन्मले होते कुणाच्या तरी अंगावर पडायला, आणि नशिबी आली भिंत!

जन्म माझा याच तळघरातला. चर्चच्या बायका मला लाकडी चौकटीवर ताणून भोवती बसल्या होत्या, हात टाक्यांत आणि तोंडं गावभर. अगाथा वीब आणि टीना हीबर्ट या दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी. माझ्यावर छोट्या छोट्या घरांची नक्षी आहे. मदतनिधीच्या लिलावात मला चांगला भाव येणार, असं सगळ्या म्हणत होत्या. आणि टीनाने एक घर उलटं शिवलं, छप्पर खाली, दार वर.

"उसव ते," अगाथा म्हणाली.

"राहू दे गं. त्या घरातली माणसं अजून झोपेतून उठली नाहीत."

बायका इतक्या हसल्या की उसवायचं राहूनच गेलं. पण उलटं घर विकत कोण घेणार? मी चर्चमध्येच राहिले. सहलीला गवतावर पसरले, पियानो हलवताना त्याच्याखाली सरकले, सूपचं पातेलं गरम ठेवलं. कोबीच्या सूपचा एक डाग अजून पोटावर मिरवतेय.

अगाथा दर रविवारी बायबलचा वर्ग घ्यायची. तिची पद्धत ठरलेली. कुठलं पुस्तक, कितवा अध्याय ते सांगायचं आणि सगळ्यांना पान सापडेपर्यंत गप्प उभं राहायचं. सगळ्यांत शेवटी टीना. त्यात हबक्कूक असलं की झालंच कल्याण. बायबलमधलं ते इवलंसं पुस्तक, दोन पानं एकदम उलटली की निसटतं.

"सापडलं का गं?"

"थांब की! हबक्कूक काही पळून जात नाही."

"तो नाही जात. आमची जेवणं थंड होतात."

मग एका हिवाळ्यात टीना बर्फावरून घसरली आणि कमरेचं हाड मोडून बसली. लेकीने तिला दूर विनिपेग शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. पुढच्या बाकावरची जागा रिकामी पडली. अगाथाने काही दिवस कळ काढली आणि मग लॉर्न पेनरला गाठलं. लॉर्न ट्रॅक्टर विकतो, पण जीव सगळा वायरींत.

"ते पॉडकास्ट का काय ते आपण करायचं," ती म्हणाली. "टीनाचा वर्ग चुकता कामा नये."

तेव्हा मी भिंतीवर चढले. हीटर घरघरतो म्हणून रेकॉर्डिंगपुरता तो बंद. बाहेर उणे तीस. अगाथा कोट, टोपी, हातमोजे घालून बायबल उघडते, आणि मी, अस्सल कापसाची जाडजूड गोधडी, समोर लटकून तिचं कुडकुडणं बघत राहते! लॉर्न खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून कुरकुर खातो. ती कुरकुर मी गिळते.

वर्गातली सवय अगाथाने इथेही सोडली नाही. अध्याय सांगायची आणि गप्प राहायची. लॉर्नची चुळबुळ सुरू व्हायची.

"मावशी, एवढं थांबलात तर लोकांना वाटेल, फोनच बिघडला."

"वाटू दे."

लॉर्नने वाद घातला नाही. घरी जाऊन त्याने त्या सगळ्या शांत जागा कापून टाकल्या, तेही चांगल्या मनाने. अगाथाला पत्ता लागला नाही, कारण आपलं रेकॉर्डिंग ती कधी ऐकतच नसे. स्वतःचाच आवाज कौतुकाने ऐकत बसायचं म्हणजे आमच्याकडे शुद्ध गर्व समजतात.

एकदा पाठ सुरू होणार एवढ्यात टीनाचा फोन आला. अगाथाला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचे फोन सगळ्या खोलीला ऐकू येतात.

"अगाथा, मी वर्ग सोडतेय."

"का गं? काय झालं?"

"डोकं चालेनासं झालंय माझं. तू अध्याय सांगतेस, मी पान उलटतेय तोवर तू अर्थ सांगून मोकळी. मी हबक्कूकच शोधतेय आणि तुझी प्रार्थनासुद्धा संपली. आधी असं होत नव्हतं. लेकीला अजून सांगितलं नाही, घाबरेल ती. बायबल कपाटात ठेवून दिलंय."

एवढ्या बोलण्यात एकही चेष्टा नाही. उलटं घर शिवून हसणारी टीना ती! मला फार वाईट वाटलं.

अगाथा फोन ठेवून खुर्चीत बसली.

"लॉर्न, माझा पाठ लाव. मला ऐकायचाय."

"तुम्हाला? पण तुम्ही तर..."

"गर्व झाला तर माझं मी देवाशी बघून घेईन. लाव."

लॉर्नने लावला. अगाथाचा आवाज अध्यायांवरून धडाधड उड्या मारत निघाला.

"ही कोण बाई? हिच्यामागे कुत्रं लागलंय का?"

लॉर्नचे कान लाल झाले. "मावशी, मी काही नाही हो... मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या काढल्या."

"रिकाम्या? अरे, तिथे टीना बसली होती!"

इतकी वर्षं मी आवाज गिळतेय, पण हे वाक्य काही मला गिळता आलं नाही.

अगाथाने तिथूनच टीनाला फोन केला. "डोकं तुझं नाही, लॉर्नचं फिरलंय. बायबल कपाटातून काढ." मग तिने लॉर्नकडून मला उतरवून फिरवून टांगून घेतलं, उलटं घर बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईल असं. हबक्कूकचा अध्याय सांगितला आणि त्या घराकडे बघत उभी राहिली. तोंडातून वाफ निघत होती. लॉर्नचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. बऱ्याच वेळाने ती मोठ्याने म्हणाली, "सापडलं का गं?"

लॉर्नने ते सगळं तसंच ठेवलं. पाठ टीनापर्यंत पोचला आणि तिचा फोन आला.

"हबक्कूक मला केव्हाच सापडला! वाचून झाला, कॉफी झाली, पाव बुडवून खाऊन झाला, तरी तुझा पत्ता नाही. किती वेळ लावतेस गं? म्हातारी झालीस!"

अगाथा इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. रुमाल सापडेना, तेव्हा तिने माझं टोक ओढून गाल पुसले. भिंतीवर आल्यापासून मी पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगाला लागले.

आता माझे काठ विरलेत, खिळ्यांची भोकं मोठी झालीत. लॉर्न फोमच्या पट्ट्या आणू म्हणतो. आणू दे बापडा. पण फोमवर उलटं घर कुठून आणेल? तुम्हाला मात्र एक सांगणं आहे. कधी आमचा पाठ ऐकायला बसलात आणि मध्येच सगळं शांत झालं, तर फोन आपटू नका, पुढे ढकलू नका. विनिपेगमध्ये एक बाई पान उलटतेय. थांबा की जरा!