पोदेराचे गाणे

सुलोचनाने वडिलांच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. बाहेर शेजारच्या बाबलीने ट्रकचा भोंगा वाजवला. तो तिला डिचोलीच्या स्टँडवर सोडणार होता. फोंड्याच्या शाळेत ती आज रुजू झाली नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती.

"बाबा, शनिवारी येतलंय मी."

कृष्णनाथांना 'जा' म्हणायचे होते. सुर्ल्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गद्य शिकवले. यमकाला ते भाषेची कुबडी म्हणत आणि त्यावरून कोणाशीही वाद घालत. पक्षाघाताने नेमके गद्यच नेले. वाक्य जुळवू गेले की तोंडात चिखल होई. सबंध बाहेर पडत ती केवळ लेकीला पायांवर झुलवताना म्हटलेली बडबडगीते. आत्ताही त्यांनी तोंड उघडले आणि पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, गाण्याच्या ठेक्याने त्यांना ओढत नेले:

"पोदेर आला पाहा,
बशीत ओत चहा,
बाय, घरात राहा."

रुक्मिणी दारातच थबकली.

"आयकलंस? रव म्हणतत."

"गाणां तां, आये."

"गाणां खरां. पण हेंच कित्याक आयलां?"

सुलोचनाने पिशवी खाली ठेवली.

कृष्णनाथांनी डोळे मिटले. 'पाहा' आले की 'चहा' येणार, आणि 'चहा'नंतर 'राहा'वाचून सुटका नव्हती. शेवट बदलायचा, तर पहिल्या ओळीपासूनच यमक बदलायला हवे. जन्मात न केलेले काम त्यांनी आरंभले. ओठ वेडेवाकडे झाले, कपाळ घामेजले. ठेका मात्र त्यांनी सोडला नाही.

"पाव आणला ताजा,
उघड गे दरवाजा,
बाय, आता—"

इथे ते मुद्दाम थांबले. झुलवताना शेवटचा शब्द लेकराने घालायचा, अशी रीतच होती. लहानगी सुलू तो घरभर ऐकू जाईल असा ओरडून घाली.

"पाव मागतत," रुक्मिणी हसली. "भूक लागली तेंका."

नवऱ्याला उठवून बसवायला तिने त्यांच्या काखेत हात घातला. जोर लावला, पुन्हा लावला. ते तसूभरही हलले नाहीत. उलट तीच भिंतीवर कलंडली. सुलोचना धावली. तिने आईला सावरले, वडिलांना उचलून बसवले आणि त्यांच्या पाठीमागे आपला हात तसाच राहू दिला.

ते तिच्याकडे पाहत होते. तिचे ओठ हलले. तिला कळले आहे, हे त्यांना कळले.

भोंगा पुन्हा वाजला. हात न काढताच सुलोचनाने दाराकडे मान वळवली.

"बाबलीदादा," ती मोठ्याने म्हणाली, "तू जा!"

यमकात खोट काढायला कुठेही जागा नव्हती.