मिठाचं पुस्तक

डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते. सकाळी सात ते दुपारी दोन. मोठी माणसं मान फिरवून बसतात, लहान मुलं मात्र सुईकडेच बघत राहतात. त्यांना काहीतरी सांगावं लागतं. सुरुवातीला मी म्हणायचे, "मुंगी चावल्यासारखं होईल हं." एकदा एका चार वर्षांच्या मुलीने विचारलं, "कुठली मुंगी? तिचं नाव काय?"

मी घाईघाईत म्हटलं, "टिकली."

मग टिकली कुठून आली, कुणाला शोधत होती, हे सांगेपर्यंत ट्यूब भरली. मुलगी दंडाला कापूस धरून तशीच बसली. पुढचं ऐकल्याशिवाय उठायला तयार नाही, आणि बाहेर सतरा जणांची रांग. त्या टिकलीचं माझं पहिलं पुस्तक झालं.

मी मृणाल कासारे, राहते ठाकुर्लीला. आजवर माझी तीन चित्रपुस्तकं आली आहेत. ओळखीचे लोक विचारतात, "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" जणू मी अजून बालवाडीत आहे आणि यंदा तरी पहिलीत जायला हवं. मी नुसती हसते. बत्तीस पानांच्या पुस्तकात पान उलटण्याआधी मूल कोपरा चिमटीत धरून थांबतं, तेवढ्या एका क्षणाचं मला वेड आहे, हे त्यांना कसं सांगायचं? त्या क्षणासाठी मी महिना महिना एका वाक्याशी झटलेली आहे. लॅबमधून आले की जेवते, भांडी घासते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडते. दिवसातला तो वेळ माझा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रकाशक सुमतीताईंनी मला बोलावलं. नौपाड्यात दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस आहे. वय सत्तरीचं, पण पुस्तकाचा विषय निघाला की आवाज वीस वर्षांनी लहान होतो.

"मृणाल, इथल्या मुलांना विचार, मीठ कुठून येतं? पाकिटातून, म्हणतील. आणि यांच्या घराशेजारी मिठागरं होती! लिही."

मी लिहिलं. चिमी नावाची मुलगी आजीबरोबर मिठागरात जाते, त्याची गोष्ट. सातशे शब्द. त्यातलं एक वाक्य माझं फार लाडकं होतं: 'सूर्य दिवसभर पाणी प्यायला आणि जाताना आपलं पांढरं हसू तिथेच विसरून गेला.' ते सुचलं त्या दिवशी मी एकटीच टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या.

चित्रांसाठी सुमतीताईंनी धनेश भोईरचं नाव सुचवलं. तिशीचा मुलगा, कोपरी गावातला. हळदी-लग्नांच्या मंडपांचे पडदे रंगवायचा, गणपतीची सजावट करायचा. त्याची आजी तरुणपणी मिठागरात कामाला जायची, एवढंच मला माहीत होतं. गोष्ट घेऊन मी त्याच्या घरी गेले तेव्हा आजी ओट्यावर बसलेल्या होत्या. मला बघताच उठल्या आणि आत निघून गेल्या.

"माझ्यामुळे उठल्या का रे?"

"तसं नाही ताई. बोलता येत नाही ना, म्हणून लाजते," धनेश म्हणाला. "दोन वर्षं झाली झटका येऊन. चालते-फिरते, कळतं सगळं, पण एकच शब्द राहिलाय. नाय. हो बोलायचं असलं तरी नाय, भूक लागली तरी नाय. आधी अख्ख्या गावाची भांडणं हीच सोडवायची. आता पाहुणे आले की आत."

मी गोष्ट वाचून दाखवली. धनेश खाली मान घालून ऐकत होता. आतल्या दाराचा पडदा जरासा हलल्यासारखा वाटला, पण बाहेर कुणी आलं नाही.

महिन्याभराने त्याने कच्ची चित्रं पाठवली. काय चित्रं होती! खाडीचं पाणी वाफ्यात शिरतंय, चिमीच्या पायाला चिखलाचे मोजे. मी मोबाइलवरच बोटांनी मोठी करून करून बघितली. पण मधल्या जोडपानावर आले आणि थबकले. दोन्ही पानं भरून नुसता एक वाफा, संध्याकाळच्या फिकट उजेडातला, तळाशी पांढरं चमकतंय. एका कोपऱ्यात चिमी उकिडवी. शब्दांना जागाच नव्हती.

मी फोन लावला. "धनेश, माझं वाक्य कुठेय?"

"कुठलं?"

"सूर्याचं."

"ते चित्रात आलंय ना ताई."

"चित्रात सूर्यपण नाहीये!"

"तो गेलाय ना. म्हणून नाही काढला."

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. "मग पुस्तकावर माझं नाव तरी कशाला टाकताय?" मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "करतो जागा."

चार दिवसांनी नवं चित्र आलं. वरच्या कोपऱ्यात त्याने पांढरा चौकोन सोडला होता, त्यात माझं वाक्य. खिडकीवर सोसायटीची नोटीस चिकटवावी तसं दिसत होतं ते. मी सुमतीताईंना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्यात मी पडणार नाही. दोघं समोरासमोर बसा आणि ठरवा."

म्हणून एका रविवारी सगळ्या चित्रांच्या प्रिंट घेऊन मी परत कोपरीला गेले. दाराशी पोहोचले तर धनेशचा फोन. दिवा गावात एका हळदीच्या मंडपाच्या पडद्याचं काम लांबलेलं. "अर्ध्या तासात आलोच ताई. आजी आहे घरात, तुम्ही बसा."

आजी मला बघून आत जायला निघाल्या. मला अवघडल्यासारखं झालं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी पिशवीतून प्रिंट काढल्या आणि जमिनीवर ओळीने मांडायला लागले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मान वर केली तर आजी पडदा हातात धरून उभ्या होत्या. मग हळूच आल्या, भिंतीला धरून खाली बसल्या.

त्यांनी पहिल्या पानावर हात ठेवला. दुसऱ्यावर गेल्या. पाचव्या पानावर चिमीची आजी लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ढकलत होती.

"नाय," आजी म्हणाल्या.

"आवडलं नाही का?"

"नाय! नाय!" त्यांनी चित्रावर बोट आपटलं. भिंतीला धरून उठल्या, कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. उजव्या हातात जोर कमी होता, तो त्यांनी डाव्याने सावरला. झाडू पुढे टाकला आणि स्वतःकडे ओढला. एक पाऊल मागे. पुन्हा टाकला, पुन्हा ओढला. आणखी एक पाऊल मागे. मग माझ्याकडे बघितलं, समजलं का, अशा नजरेने.

मीठ ढकलायचं नसतं. ओढायचं असतं. आम्ही दोघांनीही चुकीचं केलं होतं. मी चुकीचं लिहिलं होतं, धनेशने ते तसंच काढलं होतं.

"समजलं आजी," मी म्हटलं. "परत दाखवाल?"

त्यांनी परत दाखवलं. मग झाडू बाजूला ठेवून मला हाताला धरून उठवलं. वाफ्याचा तळ घट्ट व्हायला पायांनी तुडवतात, त्या चित्राकडे बोट केलं आणि जागच्या जागी पाय आपटायला लागल्या. दोन छोटे ठोके, एक मोठा. दोन छोटे, एक मोठा. माझा हात सोडला नव्हता, म्हणून मीपण आपटायला लागले. त्या ठोक्यांवर त्या काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसती चाल, वर जाऊन खाली घसरणारी. शेजारच्या घरात कुणी नव्हतं, ते एक बरं. आम्ही दोघी धाप लागेपर्यंत नाचलो म्हणा ना.

मग त्या मधल्या जोडपानाशी बसल्या. पांढरा चौकोन नसलेल्या, पहिल्या चित्राशी. चित्र जवळ ओढून घेतलं. मग बोटाचं टोक कागदावर टेकवलं, तिथे जिथे तळाशी चमकत होतं, आणि ते बोट जिभेला लावलं. डोळे मिटले. सगळा चेहरा खारट झाला.

प्रिंटशेजारी ठेवलेलं माझ्या गोष्टीचं टाइप केलेलं पान मी उलटं करून ठेवलं.

धनेश कधी आला ते आम्हाला कळलंच नाही. दारात उभा होता, शर्टाला पिवळा रंग लागलेला.

"ही चाल," तो म्हणाला, "ही मी कधी ऐकलीच नव्हती ताई. मी जन्मायच्या आधी मिठागर सुटलं हिचं. मी विचारलंपण नाही कधी. बोलता येत होतं तेव्हा विचारायला हवं होतं."

आजींनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "नाय." इतक्या मऊ आवाजात, की त्याचा अर्थ 'असू दे' होता, हे मलाही कळलं.

त्याने वही काढली. आजी झाडू ओढत राहिल्या आणि तो काढत राहिला. मी जमिनीवर बसून पेन्सिलने माझ्या गोष्टीतली वाक्यं खोडत होते. पहिल्यांदा खोडलं ते सूर्याचं. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतरची सोपी गेली. पुढचे तीन आठवडे रोज दुपारी मी तेच केलं. जे चित्रात दिसतंय ते काढून टाकायचं. जे आजींच्या हातांनी सांगितलं ते धनेशकडे सोपवायचं. शेवटी एकसष्ट शब्द उरले, आणि सहा पानांवर एकही नाही.

सुमतीताईंनी ते वाचायला दोन मिनिटं घेतली आणि मग अर्धा तास पानं उलटत बसल्या. "आता कुणी विचारलं नाही म्हणजे मिळवली, यात लेखिकेने काय केलं," एवढंच म्हणाल्या आणि हसल्या.

पुस्तक जानेवारीत आलं. कोपरीतल्या देवळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पुस्तकवाचन ठेवलं. सतरंजीवर चाळीसेक मुलं, मागे त्यांचे आईबाप. धनेशने आजींना नवीन लुगडं नेसवून आणलं होतं, त्या शेवटच्या खुर्चीवर दाराजवळ बसल्या होत्या, म्हणजे कुणी बोलायला आलं तर लगेच निघता येईल.

मी स्टेजवर माइक घेऊन वाचायला लागले. पहिली पानं छान गेली. मग बिनशब्दांची पानं आली आणि माझी पंचाईत झाली. पुस्तक समोर धरून मी नुसती उभी. मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू झाली. एक मुलगा म्हणाला, "संपलं काय?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर मागून जोरात आवाज आला.

"नाय!"

सगळ्या मुलांनी वळून बघितलं. आजी खुर्चीवरून उठून भिंतीच्या कडेने पुढे येत होत्या. त्यांनी स्टेजवर चढून माझ्या हातातून पुस्तक घेतलं, माझ्या खुर्चीत बसल्या, आणि बिनशब्दांचं पान मुलांसमोर धरलं.

"नाय?" त्यांनी विचारलं.

"पाणी!" एक मुलगी ओरडली.

"नाय, नाय, नाय..." पाणी हळूहळू वाफ्यात शिरायला लागलं. बोटाने त्या ते दाखवत होत्या, आवाज खाली खाली नेत होत्या. मुलं गुडघ्यांवर सरकत जवळ आली. पान उलटण्याआधी आजी थांबल्या. कोपरा चिमटीत, भुवया वर. सगळा हॉल श्वास रोखून.

मी स्टेजवरून उतरले आणि मुलांमध्ये जाऊन बसले. माझंच पुस्तक होतं आणि पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं, तरी मला बघायचं होतं.

तुडवायच्या पानावर आजींनी पाय आपटले. चाळीस मुलांनी आपटले. मधल्या जोडपानाशी त्यांनी बोट टेकवून जिभेला लावलं, आणि पुढच्या रांगेतली सगळी मुलं पुस्तकावर बोटं टेकवायला धावली. "खारट!" एक म्हणाला. "मलापण लागलं!" दुसरी म्हणाली. धनेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुमतीताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मी बघितला.

वाचन संपलं तेव्हा ऋतिका नावाची एक दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे आली. पुस्तकावरचं माझं नाव बोटाने वाचत होती.

"हे तुम्ही?"

"हो."

"चित्रं त्या काकांनी काढली. वाचलं आजीने." ती विचारात पडली. "मग तुम्ही काय केलं?"

"मी खूप लिहिलं," मी म्हटलं, "आणि मग खोडलं."

तिला माझी दया आली असावी. "असू दे," ती म्हणाली. "आमच्या बाई बोलतात, खोडलं तरी चालतं, फक्त नीट खोडायचं."

आजींना बोलणं परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात, येण्याची शक्यता कमी आहे. पण त्या दिवशी दुपारी हॉल रिकामा करायची वेळ झाली, साखरपुड्याच्या खुर्च्या लावायला माणसं आली, तरी त्या माझ्या खुर्चीतून उठल्या नव्हत्या. पाच-सहा मुलं त्यांना चिकटून बसली होती आणि पुस्तक तिसऱ्यांदा सुरू झालं होतं. धनेश जवळ जाऊन म्हणाला, "आजी, चल ना, घरी जाऊ. जेवायचंय."

आजींनी पानावरची नजरसुद्धा काढली नाही.

"नाय," त्या म्हणाल्या. या वेळी त्याचा अर्थ नाहीच होता.