दोघांपैकी दुसरी

“ताई, पाचव्या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ कसं लिहिलं? मी ‘हो’ केलंय,” मुग्धा म्हणाली.

सियालदह स्टेशनजवळच्या डेंटल कॉलेजात आम्हा दोघींचं एकच काम. दातांच्या एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास गोळा करून कुणीतरी आढावा लिहितं. त्यावर विसंबायचं की नाही, हे आम्ही सोळा प्रश्नांवरून ठरवतो. दोघींनी वेगवेगळं तपासायचं, मग उत्तरं जुळवायची. पाचवा प्रश्न असा, की अभ्यासांची निवड दोन माणसांनी एकमेकांचं न बघता केली का?

आजचा आढावा जयप्रकाश सरांचा, हिरड्यांच्या आजारावरचा. तो पास झाला की उपचारांची नवी नियमावली त्याच्यावर बेतणार आणि सर त्या समितीचे अध्यक्ष होणार.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे मी बराकपूरला आले आणि सरांच्या हाताखाली लागले. चार हजार अभ्यासांचे सारांश मी एकटीने चाळून कामाचे निवडले, कुकरच्या शिट्ट्या मोजत. हा आढावा छापून आला तेव्हा लेखकांत माझं नाव नव्हतं, आभारातसुद्धा नाही. विचारायला गेले तर म्हणाले, “चाळायचं काम काय, कुणीही करतं.” तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसलाय.

ओळखीच्या माणसाचं काम आलं की परीक्षकाने बाजूला व्हायचं, असा आमचा नियम आहे. मी झाले नाही. म्हटलं, बरा तावडीत सापडला.

मुग्धाने कागदावर बोट ठेवलं. “इथे तर लिहिलंय, दोघांनी स्वतंत्रपणे निवड केली.”

“धादांत खोटं आहे ते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“दुसरं कुणी नव्हतंच. सगळं मी एकटीने केलं.”

तिने कागदावरचं बोट उचललं. “म्हणजे हे काम तुमचं आहे?”

“हो.”

“ताई, बाकी पंधराही प्रश्नांना मी ‘हो’ दिलंय. इतकं नीट काम मी इथे पाहिलंच नव्हतं.”

सहा वर्षांत त्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, ते मी त्याच कामाचा गळा धरल्यावर.

“राहू दे ना मग,” ती म्हणाली. “पाचव्यात खोटं निघालं तर आख्खा आढावा बाद होईल. तुम्ही चाळलेले चार हजार सारांश पण वाया जातील. आणि तुम्ही आधी सांगितलं नाही म्हणून हे कामही जाईल.”

“जाऊ दे. त्याला खुर्चीत बसलेला मी बघू शकत नाही.”

मी पेन उचललं. शेऱ्याच्या जागी लिहिलं: निवड एकाच व्यक्तीने केली. ती व्यक्ती मी, शकुन देवस्थळी.

मुग्धाने आपलं ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं. मी कागदाच्या माथ्यावरच्या परीक्षकांच्या यादीतलं माझं नाव खोडलं. त्या आढाव्याच्या कागदांवर आता ते एकाच ठिकाणी उरलं होतं, शेऱ्यात.