पंचेचाळीस की सत्तर?

मी एक जुना टॉर्क पाना आहे. मित्रांनो, बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा माझ्या मुठीवर लावतात. तेवढा जोर झाला की मी ‘कट्’ करतो. तिथे हात थांबवायचा. माझं काम एवढंच, पण त्यावर माणसांचे जीव असतात.

माझी उमेदीची वर्षं एका बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथले लोक काम झालं की मला पुसायचे, आकडा खाली आणून माझ्या स्प्रिंगचा ताण उतरवायचे आणि पेटीत ठेवायचे. डेपो बंद झाला. मग विलायतेतल्या एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, हॅरोच्या डॉक्टर उल्हासनी मला उचललं.

डॉक्टर भूल देणारे, नुकतेच रिटायर झालेले. सुटे भाग मागवून घरीच गाडी जोडायची त्यांची जुनी हौस होती. “मंजिरी, बघ काय वजनदार माल आहे!” असं त्यांनी बायकोला कौतुकाने सांगितलं. मी सुखावलो. ते सुख फार टिकलं नाही. चिवड्याच्या तेलकट बोटांनी ते मला धरायचे. कधी माझ्याच डोक्याने एखादी अडकलेली पिन ठोकायचे. गंजलेले नट ढिले करायलाही मलाच जुंपायचे आणि ताणलेल्या स्प्रिंगसकट कोपऱ्यात टाकायचे. मला त्या हातांची शिसारी येऊ लागली.

पण खरी किळस आली ती ब्रेक बसवताना. पुढच्या चाकाच्या ब्रेकचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात जाणार होता. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आकडा होता पंचेचाळीस. डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले, “ब्रेकला एवढंच? कसं शक्य आहे?” बोल्ट चांगल्या कडक पोलादाचा होता. त्यांनी फोनवर कुठला तरी तक्ता शोधला. तशा बोल्टला त्यात सत्तर लिहिलं होतं. तो तक्ता पोलादात पोलाद आवळण्यासाठी होता. इथे बोल्ट पोलादी असला, तरी त्याला धरणारे आटे, म्हणजे भोकाच्या आतल्या गोल खाचा, मऊ ॲल्युमिनियमचे होते. वर डॉक्टरांनी आट्यांना तेल फासलं. तेलाने बोल्ट घसरत जातो आणि त्याच जोरात कितीतरी जास्त ताणला जातो.

त्यांनी मला सत्तरवर लावलं. मी ‘कट्’ करणार, तोच आतून काहीतरी सुटलं. बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरू लागला. आटे गेले होते!

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी आट्यांत चिकटवायचा द्रव ओतला, बोल्ट परत बसवला आणि वरून रंगाचा ठिपका दिला. ‘आवळून झालं’ अशी ती खूण असते.

गाडी सरकारी तपासणीला न्यायच्या दिवशी त्यांची मुलगी तनिषा ईलिंगहून आली. मंजिरीताई गळ्यात स्कार्फ बांधून तयार होत्या.

“बाबा, एकदा सगळे बोल्ट चेक करते,” तनिषा म्हणाली.

“अगं, झालंय सगळं. उशीर होईल.”

तिने ऐकलं नाही. पुस्तक उघडून मला पंचेचाळीसवर लावलं आणि त्या बोल्टवर चढवलं. मी गप्प. जोर लागतच नव्हता.

“बाबा, हा बोल्ट नुसता फिरतो! क्लिक येतच नाही.” मग तिने वडिलांचा चेहरा पाहिला. “तुम्हाला माहीत होतं?”

डॉक्टर खाली बघत राहिले. “वाटलं, चिकटवलंय ते धरून ठेवेल.”

“आईला घेऊन निघाला होता यातून!”

मंजिरीताईंनी स्कार्फ सोडला. “अहो, पेशंटला कधी असं अंदाजाने औषध दिलंत?”

“नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले. “कधीच नाही.”

त्या घरात निघून गेल्या.

तपासणी रद्द झाली. तो भाग नवा आला. तनिषाने मलाही तपासायला नेलं, तर कायम ताणात राहून माझी स्प्रिंग थकलेली निघाली. माझ्या ‘कट्’वर आता भरवसा नाही. बोल्ट आवळायला नवा पाना आला आहे.

मित्रांनो, मापाची वस्तू पुसून, ताण उतरवून ठेवत जा. आणि आकडा निवडताना बोल्ट कशात जाणार आहे ते आधी बघा. आपल्या मनाला बरा वाटतो म्हणून आकडा वाढवू नका. बिघडलंच काही, तर त्यावर रंगाचा ठिपका देऊ नका.

गाडी पुढे तपासणीत पास झाली. डॉक्टर रविवारी तिला चकाचक पुसतात, शेजारच्या सीटचं दार उघडून हाक मारतात. मंजिरीताई अजून एकदाही त्या गाडीत बसलेल्या नाहीत.