साक्षीदार बाहेर

वीस वर्षांपूर्वी आमच्या दापोड्याच्या शेतावरची पाण्याची मोटर चोरीला गेली. मी आणि माझी मोठी जाऊ काशीबाय तेव्हा बांधावर गवत कापत होतो. दिवसाढवळ्या एकाने मोटर उचलली, टेम्पोत टाकली आणि गेला. पुढच्याच नाक्यावर तो मोटरसकट सापडला. पोलिसांनी आम्हा दोघींचे जबाब घेतले. काशीबायने सही केली, मी अंगठा दिला.

खटल्याच्या दिवशी मी सकाळपासून कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून होते. पट्टेवाल्याने काशीबायच्या नावाचा पुकारा केला. ती पदर सावरून आत गेली आणि बाहेर आली ती साक्षीदार होऊन. सरकारी वकील मला म्हणाले, "मावशी, एक साक्ष पुरे झाली. तुम्ही जा घरी."

चोराला शिक्षा झाली, मोटर परत आली, आणि तेव्हापासून आमच्या गावात हळदीचा एकही मांडव असा गेला नाही जिथे काशीबायने ती साक्ष सांगितली नाही. मला कोणी विचारत नाही. लोक मला 'काशीची जाऊ' म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले. गावाला वाटलं, म्हातारीला पोथी वाचायचीय. माझ्या मनात वेगळंच होतं. पुन्हा कधी मोटर गेली तर अंगठ्यावरून कोणी मला वगळायला नको.

यंदा माझी नात मृणाली नववीत आहे, राहनाळच्या शाळेत. त्यांच्या मनिषा मॅडम वर्गात कोर्ट शिकवत होत्या, फिर्याद, अटक, जामीन, उलटतपासणी सगळं. मुलांनी वर्गात खोटा-खोटा खटला उभा करायचा होता. मॅडमनी विचारलं, "कोणाच्या घरी कोणी खरी साक्ष दिली आहे का?" मृणालीने हात वर केला आणि काशीबायचं नाव सांगितलं. माझी नात! माझ्या हातची भाकरी खाऊन!

मॅडमनी मोटरीचाच खटला ठरवला आणि काशीबायला वर्गात बोलावलं. "आजी, तू पण ये ना सोबत," मृणाली म्हणाली.

सोबत! मी नवं लुगडं नेसून गेले.

काशीबायला मॅडमनी स्वतःची खुर्ची दिली. मला शेवटचा बाक मिळाला. हेमाली नावाची मुलगी न्यायाधीश होती. भाविक नावाचा मुलगा आरोपीचा वकील होता. त्याने बहिणीची काळी ओढणी खांद्यावर टाकली होती. काशीबायने सुरुवात केली. "मोटर होती निली..."

"हिरवी!" मी मागून बोलले.

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हीही होतात तिथे?"

"होते म्हणजे? हिच्या शेजारीच होते!"

भाविक ताडकन उठला. "मॅडम, हरकत! एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसरा साक्षीदार आत बसू शकत नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

मॅडमचा चेहरा आनंदाने फुलला. "शाब्बास! आजी, तुम्हाला थोडा वेळ बाहेर थांबावं लागेल."

अशी मी परत बाहेर. शाळेच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. त्या खडखडाटात आतला शब्द कळेना, हसणं आणि टाळ्या तेवढ्या कळत होत्या. प्रत्येक टाळीला मी दाराकडे एक पाऊल सरकत होते. व्हरांडा झाडणारी बाई थांबली. "काय वो आजी, गृहपाठ न्हाय केला?"

"साक्षीदार हाय मी."

"मग आत कोन हाय?"

"ती बी साक्षीदार."

"अच्छा, तुम्ही काशीआजीच्या जाऊ ना?" असं म्हणून तिने माझ्या पायाखालूनच झाडू नेला.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली आणि लूमच्या वर आवाज चढवून ओरडली, "चांगुणाबाई नामा भोईर, हाजिर हो!"

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तरी हलले नाही. तिने पुन्हा पुकारा केला. तरी हलले नाही. तिसऱ्यांदा माझं नाव सगळ्या व्हरांड्यात घुमलं, शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली, तेव्हा पदर सावरून आत गेले.

खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ मी घेतली. भाविक पुढे आला.

"आजी, चोराचं तोंड कोणी पाहिलं?"

"मी."

"आणि काशीआजीने?"

काशीबाय माझ्याकडे बघत होती. वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती.

"ती खाली वाकून भारा बांधत होती. मी हाक मारली तेव्हा तिने वर बघितलं. तिला पाठ दिसली. तोंड कसं होतं ते मी तिला सांगितलं."

"म्हणजे काशीआजीची साक्ष ऐकीव!" भाविक जवळजवळ नाचला. हेमालीने टेबलावर डस्टर आपटलं. काशीबाय मॅडमच्या खुर्चीत लहान झाली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण भाविक खाली बसला नाही. "आजी, तुम्ही शपथ घेतलीय. काशीआजीबद्दल तुमच्या मनात काही आहे का?"

"काही म्हंजे?"

"राग वगैरे."

मृणाली मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं, "हाय."

"कशाचा?"

"जळते मी तिच्यावर. मोटर गेली तवापासून."

हसण्याने पत्रे उडायचेच बाकी होते. हेमालीने पुन्हा डस्टर आपटून निकाल दिला. एकीची साक्ष ऐकीव, दुसरीच्या मनात आकस, संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे. पोरांनी आरोपीला खांद्यावर घेतलं.

परत येताना रिक्षात आम्ही दोघी मागे बसलो. मध्ये मृणाली.

"चोर सोडवलास," काशीबाय म्हणाली.

"तू निली म्हणाली म्हणून."

गोदामांची रांग संपली तरी ती बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "तीनदा."

"काय तीनदा?"

"तुला तीनदा हाक मारली. नवऱ्याच्या नावासकट. कोर्टात मना एकदाच मारली होती. आन् आज तर एकदा बी न्हाय, मी आपली आधीच आत बसलेली."

मला हसू येत होतं, ते पदरात धरलं.

"पुढच्या येळेला," काशीबाय म्हणाली, "तू आत बस. मी बाहेर ऱ्हाईन."