डाव्या पंखाचा पीळ

मित्रांनो, छताला टांगलेल्या वस्तूला जुनी म्हणायची पद्धत आहे, म्हणून मी जुना. जातीचा ग्लायडर. इंजिन नाही, काही नाही. हातातून सुटायचं आणि वाऱ्याच्या मर्जीने उतरायचं, एवढाच आमचा धर्म.

मला बाबांनी घडवलं. घरी जोडायच्या खेळण्यातल्या विमानांच्या किटचा हा कारखाना त्यांचाच. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक करवत आणि डिंकाचा वास. हलक्या लाकडाच्या बारीक फासळ्या जोडून त्यांनी माझे पंख केले, वर पातळ कागद ताणून बसवला. मी असा तरंगायचो की मैदानावरची माणसं मान दुखेपर्यंत वर बघायची. बाबांची मुलगीही त्यातच, तोंडाचा आ वासून.

मग मोटारीवर उडणारी खेळणी आली. माझं किट बंद झालं आणि मी खिडकीजवळ टांगला गेलो. दुपारचं ऊन नेमकं डाव्या पंखावर यायचं. लाकूडच ते, हळूहळू त्याला पीळ बसला. माणसाची पाठ वाकली तर निदान डॉक्टर तरी ओरडतो. मला कोण ओरडणार?

आता कारखाना ती मुलगी, म्हणजे ताई चालवते. बाबा खिडकीपाशी खुर्चीत असतात. त्यांचं बोलणं अडखळतं, एकच गोष्ट दोनदा सांगतात. म्हणून ती एकदाही ऐकायची नाही, असं घरात ठरलंय. डोळ्यांपुढेही धुकं यायला लागलंय. त्यांना दिसतंय तोवर त्यांचा ग्लायडर नव्या किटमधून पुन्हा उडवून दाखवायचा, असा ताईने ध्यास घेतला.

तिने मला उतरवलं, धूळ पुसली. फार बरं वाटलं. मग मोजमापं घेता घेता ती डाव्या पंखापाशी थबकली.

"अहो, हे बघा! बाबांनी एकाच पंखाला पीळ दिलाय. मुद्दाम!"

तिच्या नवऱ्याने चष्मा वर सरकवला. "जुनी माणसं ती. त्यात काहीतरी गणित असणार."

"सरळ होता," खुर्चीतून बाबा म्हणाले.

"हो बाबा, सरळच उडायचा. आठवतंय मला."

"अगं, पंख. पंख सरळ..."

"चहा ठेवू का बाबा?"

मित्रांनो, मला तोंड नाही. ज्यांना आहे त्यांना चहा मिळाला. ताईने माझं म्हातारपण मोजलं आणि माझं तारुण्य समजून नव्या किटच्या नकाशात उतरवलं.

नवा ग्लायडर हातातून सुटला की डावीकडे कलायचा, गिरकी घ्यायचा आणि नाक मातीत खुपसायचा. ताईने शेपूट वळवून पाहिलं, वजनासाठी नाकात शिसं भरलं. पंखाला मात्र हात लावला नाही. "ते बाबांचं आहे," म्हणाली.

एकदा बाबांनी तो नवा पंख किटलीच्या वाफेवर धरला. ते पीळ काढू लागले, आणि लाकूड ऐकतही होतं! तेवढ्यात जावई धावले. "बाबा, भाजेल ना! काय हे लहान मुलासारखं?" किटली काढून घेतली, पंखही काढून घेतला. ताईने तो पुन्हा पिळाच्या साच्यात दाबून 'दुरुस्त' केला.

शेवटी बाबांना हाताला धरून मैदानावर नेलं. मलाही पिशवीतून नेलं, मान म्हणून. नवा ग्लायडर सुटला, कलला आणि पडला. बाबा आकाशाकडेच बघत होते.

"उडाला का गं?"

ताईने मातीतून तुटकं नाक उचललं. "हो बाबा. अगदी पहिल्यासारखा."

"मग सरळ केलास वाटतं," बाबा म्हणाले आणि हसले.

घरी आल्यावर ताईने आम्हा दोघांना खिडकीशी शेजारी शेजारी टांगलं.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिला उन्हात टांगू नका. आणि मोजपट्टी काढण्याआधी, ती वस्तू घडवणारा त्याच खोलीत बसून काही म्हणत असेल, तर त्याचं वाक्य संपेपर्यंत चहा थोपवा.

नव्याला उलट्या तोंडाने टांगलंय. दुपारचं ऊन त्याच्या उजव्या पंखावर येतं. सांगावंसं वाटतं, पण कसं सांगणार? कदाचित काही वर्षांनी त्याच्या दोन्ही पिळांची फिट्टंफाट होईल.